अपघाताची तारीख

४ मार्च

बारक्या,

सहा वर्षांनी लिहिते आहे. माझं नाव दिसलं की तू फोन टेबलावर पालथा घालतोस, हे तुझ्या बायकोने मला सांगितलं. पत्राचं बरं असतं. पालथं घातलं तरी ते वाजून वाजून थांबत नाही, पडून राहतं. म्हणून पत्र.

तुझा उजवा खांदा गेल्याचं मला तिच्या आधीच कळलं होतं. मी कुठे बसते ते तुला ठाऊक आहे. इस्पितळाच्या नोंदींच्या खोलीत, अर्ध्या जमिनीखाली, जिथल्या खिडकीतून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसतात. डॉक्टर जे लिहितात त्याला आम्ही कोड लावतो, म्हणजे पुस्तकातले आकडे. कोणता अवयव, डावा की उजवा, काय बिघडलं, कशाने बिघडलं. तू मला आकड्यांची शिंपीण म्हणायचास. गेल्या महिन्यात तुझा कागद आमच्या खोलीत आला. आमच्यापैकी कुणीतरी त्यावर कोड घातला आणि तो पुढे गेला.

मी तो कागद वाचला. खांद्याच्या डॉक्टरांनी तुझा हात बाजूने वर उचलून धरला, सोडला, आणि तो धपकन खाली आला. मग ते म्हणाले, भरलेला डबा ओततोस तसा अंगठा खाली करून हात पुढे धर. तीस वर्षं रंगाचे डबे ओतणाऱ्याची ही परीक्षा, आणि तू नापास. पुढे त्यांनी लिहिलंय, ‘रुग्ण या वेळी हसला.’ हे वाक्य त्यांनी कशाला लिहिलं कुणास ठाऊक. हसण्याला आमच्याकडे कोड नाही.

एमआरआयमध्ये दिसतंय की स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी, कंडरा म्हणतात तिला, आरपार तुटली आहे. तुटलेलं टोक हाडापासून दीड सेंटिमीटर मागे सरकलंय. आणि कारणाच्या जागी लिहिलंय, ‘सकाळी घरी दोरीवरचा टॉवेल काढताना टक् असा आवाज. पडल्याचा किंवा मार लागल्याचा इतिहास नाही.’

टॉवेल. बारक्या, छत रंगवणाऱ्या माणसाचा खांदा टॉवेलने तुटतो?

तू बांबूच्या परांचीवरून पडलास का? पाय घसरला का, आणि पकडायला हात वर टाकलास का? आपल्या घरात दुखलं म्हणायची रीत नाही, हे मी जाणते. बाबांचं बोट दारात चेंगरलं तेव्हा ते म्हणाले होते, दार जरा जड झालंय. पण डॉक्टरसमोर ती रीत चालत नाही. काय झालं ते कळव. हात झोळीतून बाहेर काढू नकोस.

तुझी ताई


१२ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही. तुझ्या बायकोचा फोन आला. कामगार आरोग्य मंडळाने तुझी शस्त्रक्रिया त्यांच्या यादीत घ्यायला नकार दिला आणि तुला साध्या रांगेत ढकललं. ती रांग अकरा महिन्यांची आहे. तिने विचारलं, “ताई, एवढ्याशा आकड्याने हे होतं?” मी म्हटलं, होतं.

कसं, ते सांगते. आमच्या पुस्तकात तुटलेल्या कंडरेला दोन घरं आहेत. एक इजांच्या प्रकरणात, एक आजारांच्या. पडलास, आपटलास, ओझ्याने झटका बसला, तर इजा. यातलं काही नसेल तर आजार, आणि त्याचं नाव ‘आपोआप तुटणे’. पुस्तकात व्याख्याही दिली आहे. मुळात कमकुवत झालेल्या ऊतीवर साधा, रोजचा जोर पडला आणि ती तुटली, तर ते आपोआप. इजा असेल तर मंडळ तीन आठवड्यांत टेबलावर घेतं. आपोआप असेल तर अकरा महिने. आणि डॉक्टरांनीच लिहिलंय की तुटल्यापासून तीन महिन्यांच्या आत शिवलं तर हात डोक्याच्या वर जाईल. त्यानंतर टोक मागे मागे ओढलं जातं, स्नायूची चरबी होते आणि शिवण धरत नाही. तुझं तुटलं सतरा फेब्रुवारीला. दिवस तूच मोज.

आयुष्यभर मी कामगारांच्या सभांतून शब्दांशी भांडले. ‘स्वेच्छानिवृत्ती’शी भांडले, ‘तात्पुरता कामगार’शी भांडले. पण या ‘आपोआप’इतका निर्लज्ज शब्द मी पाहिला नाही. तीस वर्षं एक माणूस मान मागे टाकून, हात वर करून, दुसऱ्यांच्या डोक्यावरचं आभाळ पांढरं करत उभा राहतो. दोरी रोज एक धागा झिजते. शेवटचा धागा घरी, टॉवेल काढताना तुटतो. आणि पुस्तक म्हणतं आपोआप! मग आधीचे सगळे धागे कुणी तोडले? पण पुस्तक शेवटच्या धाग्याचाच हिशेब विचारतं.

माझा आवाज चढला असेल. तुझी बायको म्हणते, तुमचं पत्रही माईकवरून आल्यासारखं वाटतं.

आता जे तुझ्या मनात आहे तेही लिहून टाकते. सहा वर्षांपूर्वी तुझ्याबरोबरचा पुट्टीवाला परांचीवरून पडला, त्याचं मांडीचं हाड मोडलं. मी युनियनतर्फे त्याच्या बाजूने कंत्राटदाराविरुद्ध उभी राहिले, आणि तू कंत्राटदाराला लिहून दिलंस की परांची ठीक होती. रंगाऱ्यांच्या सभेत, दोनशे माणसांसमोर, मी माझ्या सख्ख्या भावाला म्हटलं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. इतक्या टाळ्या मला त्याआधी पडल्या नव्हत्या, नंतरही नाहीत. ते भाषण मी मागे घेत नाही. भाषण वेगळं, खांदा वेगळा.

काय झालं ते लिही.

ताई


२९ मार्च

बारक्या,

माझ्या हातात जेवढं आहे तेवढं केलं. आमच्याकडे कागदात काही अपुरं वाटलं तर डॉक्टरांना प्रश्नपत्र पाठवता येतं. अर्ध्या पानाचं असतं. वर रुग्णाचं नाव, मग प्रश्न, मग खाली उत्तरासाठी कोरी जागा. त्याचा एक कडक नियम आहे. प्रश्नात उत्तर सुचवायचं नाही. ‘हे पडल्यामुळे झालं ना?’ असं विचारलं तर ते डॉक्टरच्या तोंडात शब्द घालणं होतं. ‘कशामुळे झालं, ते स्पष्ट करावं’ एवढंच विचारायचं आणि जागा सोडायची. एकोणीस वर्षांत मी अशी हजारो पत्रं पाठवली. नव्या मुलींना हेच शिकवते, की पोरींनो, आपल्याला जे वाटतं ते आपल्यापाशी ठेवा, लिहिणाऱ्याला विचारा.

तसं विचारलं. उत्तर आलं, ‘रुग्णाला पुन्हा विचारलं. तो म्हणतो काही झालं नाही. दीर्घकाळ हात वर ठेवून केलेल्या कामामुळे झीज झाली असण्याची शक्यता. वर्षभरात खांद्यात तीन इंजेक्शनं घेतल्याचा इतिहास.’

शक्यता लिहून आली की आमचे हात बांधले जातात. दाखल न झालेल्या, बाहेरच्या रुग्णाच्या कागदावर ‘शक्यता’, ‘बहुधा’, ‘असावं’ यांचा कोड लावता येत नाही. आणि ती इंजेक्शनं मला ठाऊक नव्हती. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तीनदा सुई टोचून घेतलीस, म्हणजे काम थांबायला नको. दुखणं तेवढं मेलं, दोरी आणखी मऊ झाली.

डॉक्टर भले आहेत. जिन्यात भेटले तेव्हा मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, “बाई, कामामुळे झालं असं मी मनापासून मानतो. पण मंडळ मला माझं मत विचारत नाही. तारीख विचारतं.” मी म्हटलं, मग मंडळालाच जाऊन विचारते. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी फार बोलणाऱ्या नव्या मुलींकडे पाहते.

सुनावणी अठरा एप्रिलला मिळाली आहे. येशील?

ताई


२० एप्रिल

बारक्या,

तू आला नाहीस. तुझी बायको आणि मी, आम्ही दोघी गेलो.

मंडळाची खोली स्वच्छ होती. एक लांब टेबल, भिंतीवर बरोबर वेळ दाखवणारं घड्याळ, आणि अधिकारी माझ्या वयाचे, सदऱ्याच्या कोपरांना ठिगळ लावलेले. मी तयारी करून गेले होते. तू सतरा वर्षांचा असताना पहिलं छत रंगवलंस तिथून सुरुवात केली. हात खांद्याच्या वर असताना त्या कंडरेचं रक्त कसं कमी होतं ते सांगितलं. तीस वर्षांत तू जितकी छतं रंगवलीस ती अंथरली तर हे अख्खं शहर झाकलं जाईल, असं म्हणाले. शेवटी म्हटलं, यंत्राचा पट्टा झिजून तुटला तर कारखाना त्याला आपोआप म्हणत नाही, वापराने म्हणतो. माणसाला पट्ट्याइतका तरी न्याय द्या.

पूर्वी अशा शेवटानंतर टाळ्या यायच्या. अधिकाऱ्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. ते म्हणाले, “तुम्ही म्हणता ते मला पटतं. माझे वडील गवंडी होते. पण हा अर्ज बघा.” त्यांनी कागद वळवून माझ्यासमोर धरला. एक चौकोन होता, अंगठ्याच्या नखाएवढा. ‘अपघाताची तारीख व वेळ.’ ते म्हणाले, “तीस वर्षं यात मावत नाहीत. मला एक दिवस द्या. एकच. मी आज सही करतो.”

मी तुझ्या बायकोकडे पाहिलं, तिने जमिनीकडे पाहिलं.

बारक्या, ते गृहस्थ दुष्ट असते तर बरं झालं असतं. दुष्टांशी कसं बोलायचं ते मला येतं.

पायऱ्या उतरताना तुझी बायको म्हणाली, “छान बोललात हं ताई.” ती टोमणा मारत नव्हती. म्हणून जास्त लागलं.

ताई


२३ एप्रिल

बारक्या,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

आधी एक कबुली. पहिल्या पत्रात मी लिहिलं, आमच्यापैकी कुणीतरी कोड घातला. ती कुणीतरी मी होते. घरच्या माणसाचा कागद आला तर तो शेजारच्या टेबलावर द्यायचा, असा आमच्याकडे नियम आहे. तुझं नाव दिसलं आणि मी तो दिला नाही. सहा वर्षांत तुझी एवढीच बातमी माझ्या हातात आली होती, ती दुसरीला द्यायचा जीव झाला नाही. वाचला, आणि वाचल्यावर हाताला सवय असते म्हणून कोडही घातला. आपोआप, उजवा खांदा. चार मिनिटं लागली. दुसऱ्या कुणी घातला असता तर तोच घातला असता, मी शंभरदा तपासून पाहिलं. कोड बरोबर आहे, हीच तर गोम आहे. चूक असता तर मी तो सुधारला असता.

कुऱ्हाडीचा दांडा कोण, ते आता मला कुणी सांगायला नको.

आता मागणं. तीन महिने भरायचा सतरा मे जवळ आला आहे. अर्ज अजून उघडा आहे. तू डॉक्टरांकडे जा आणि सांग की आधी लाजेने बोललो नाही, पण सोळा फेब्रुवारीला शिडीवरून पाय निसटला आणि मी हात वर टाकून आडवा बांबू पकडला. सोळाला तू एका शाळेच्या सभागृहात काम करत होतास, तुझ्या बायकोला विचारून खात्री केली आहे. शिडी होती, बांबू होता. उरलेलं एक वाक्य आहे फक्त. डॉक्टर ते लिहितील, कागद शेजारच्या टेबलावर जाईल, मी हातही लावणार नाही.

मी हे लिहिते आहे. ज्या बाईने तुला खोटं लिहून दिल्याबद्दल दोनशे माणसांसमोर उभं केलं, ती लिहिते आहे. मला सगळं दिसतंय. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. तुझा हात वर जायला हवा, माझं तोंड काळं झालं तरी चालेल.

कुठलीही तारीख लिही.

ताई


५ मे

ताई,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर बघून हसू नकोस. दोन दिवस लागले.

सगळी पत्रं वाचली. फाडलं एकही नाही. तारीख लिहिणार नाही. टॉवेलच होता. निळा. ओला पण नव्हता. मला स्वतःला खरं वाटेना म्हणून मी हसलो डॉक्टरपुढे.

हा हट्ट नाही. पुट्टीवाल्याच्या वेळी परांची ठीकच होती. मीच बांधली होती त्या सकाळी, दोन्ही टोकं ओढून बघितली होती. त्याला फिट यायची. त्याची बायको सोडून मला एकट्याला माहीत होतं. कळलं असतं तर त्याला परत कुणी कामावर उभं केलं नसतं. म्हणून कंत्राटदाराला तेवढंच लिहून दिलं. परांची ठीक होती. खरं होतं तेवढंच लिहिलं, बाकीचं पोटात ठेवलं. मागच्या वर्षी तो झोपेत गेला म्हणून आता सांगतो.

तू घरी येऊन विचारलं असतंस तर तुला एकटीला सांगितलं असतं. तू माईकवरून विचारलंस. आणि ते विचारणं नव्हतंच.

आता मी खोटी तारीख लिहिली तर तुझं ते भाषण खरं होईल. सहा वर्षं मी ते खोटं ठेवलंय.

चहा जमतो डाव्या हाताने. बटणं जमतात. दाढी जमत नाही, दोनदा कापलं.

कोडचं मनावर घेऊ नकोस. जे लिहिलं होतं तेच तू घातलंस.

बारक्या


१२ जून

बारक्या,

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले. रोज उत्तर लिहायला बसते. पहिल्या ओळीतच माझा आवाज चढतो, आणि मग कागद बाजूला ठेवते.

परवा तुझा नवा एमआरआय आमच्या खोलीत आला. या वेळी मी नियम पाळला. नाव दिसताच कागद शेजारच्या टेबलावर दिला. ती पोर हुशार आहे, माझ्याच हाताखाली शिकली. तिने वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं, कोड घातला. तोच. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. चार मिनिटं.

मजकूर मी वाचला नाही. तुझ्या बायकोने फोनवर वाचून दाखवला. टोक चार सेंटिमीटर मागे गेलंय. स्नायू निम्म्याहून जास्त चरबी झालाय. डॉक्टर म्हणाले, आता शिवायला घेतलं तर दोरा लोण्यातून जावा तसा निघून येईल. व्यायाम करा, दुखणं कमी होईल, हात छातीपर्यंत येईल. डोक्याच्या वर नाही. फोन ठेवताना ती म्हणाली, “हे म्हणतात, छत नाही तर भिंती रंगवीन. खालच्या अर्ध्या.” मग आम्ही दोघी हसलो.

मध्ये एक मूर्खपणा केला. रंगाऱ्यांच्या सभेत गेले. विषय दुसराच होता, तरी बोलायला वेळ मागून घेतला. सहा वर्षांपूर्वी या जागेवरून मी माझ्या भावाला जे म्हटलं ते चूक होतं, असं म्हणाले. कारण सांगता येईना. जे तू पोटात ठेवलंस ते मी माईकवर कसं ओतू? खाली चाळीसएक माणसं होती, बहुतेक नवी. पहिल्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याला विचारलं, कोणता भाऊ? शेजारी म्हणाला, काही तरी घरचं दिसतंय. मी खाली उतरले. टाळ्या पडल्या, उरकायच्या म्हणून पडतात तशा. ते दोनशे जण मला आता कुठे सापडणार? ज्यांनी ऐकलं ते विसरले, आणि ज्याला विसरता आलं नाही तो भिंतीच्या खालच्या अर्ध्याचा विचार करतोय.

बारक्या, मी हजारो प्रश्नपत्रं पाठवली. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही अशा डॉक्टरांना एकेका शब्दासाठी विचारलं की तुम्हाला नक्की काय म्हणायचं आहे. सख्ख्या भावाला एक पाठवलं नाही. कंत्राटदाराला लिहून दिलेला तुझा एका ओळीचा कागद हातात आला, आणि मी त्यावर कोड घालून मोकळी झाले. या पत्रांतही तेच केलं. परांचीवरून पडलास का? पाय घसरला का? सगळे प्रश्न उत्तरं आत कोंबलेले. नवी मुलगी असती तर मी तिला सगळे परत लिहायला लावले असते.

इथे मी लिहिणार होते की रविवारी सकाळी मी मोकळी असते, वस्तरा घेऊन येते, बाबांची दाढी शेवटची दोन वर्षं मीच करत होते. लिहून खोडलं. तेही उत्तर सुचवणंच झालं.

म्हणून या पत्राच्या मागच्या बाजूला नियमाप्रमाणे लिहिलं आहे. वर तुझं नाव. त्याखाली एकच प्रश्न, ‘आता मी काय करू?’ आणि त्याखाली कोरी जागा. डाव्या हाताचं अक्षर मोठं येतं, म्हणून ती नेहमीपेक्षा जास्त सोडली आहे.

ताई